रिकाम्या मशीनची भूक

शाळेत असताना 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण वाक्यात वापरून दाखवा म्हणून यायची. तेव्हा मी काय वाक्य लिहायचे ते आठवत नाही. आज कोणी दाखवा म्हटलं तर एका वाक्यात भागणार नाही. जंगलातल्या एका दवाखान्याच्या शिपायाला वीजचोर ठरवून घरी बसवलं होतं. तो चोर नव्हता. आणि हे ठरवायला साहेब लोकांना अर्धा तासही लागला नव्हता. वीस वर्षं होत आली, पण अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझं म्हणाल तर मी चंद्रपूरची. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याच गाळ्यात भाईजाननं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, कम्प्यूटरचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांशी बोलणं, त्यांना चहा पाजणं हे त्याचं काम. मशीन उघडणं, जोडणं, तिच्यात काय भरायचं ते भरणं हे माझं. पण लोक यायचे, मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली दिसायचे आणि विचारायचे, "भाऊ कुठी आहे?"

"भाऊ जेवाले गेला. मशीनले काय झालं ते मले सांगा."

"नाई नाई, भाऊले येऊ द्या."

बसा मग! तासभर बसायचे. मग भाईजान यायचा, मान हलवत सगळं ऐकायचा आणि ती मशीन उचलून माझ्याच टेबलावर आणून ठेवायचा. अशानं माणसाचा स्वभाव गोड राहील का? माझा नाही राहिला.

आमच्या दुकानाची एक रीत होती. जंगलाकडे जाणारी मशीन आधी तीन दिवस दुकानात शेकायची. म्हणजे चालू करून ठेवायची, बंद करायचीच नाही, चांगली तापू द्यायची. सिरोंच्याकडे गेलेली एक मशीन दुसऱ्याच दिवशी जळली होती आणि तिला परत आणायला पंधरा दिवस गेले होते. तेव्हापासून भाईजान प्रत्येक नव्या मशीनला थापटून म्हणायचा, "मरना है तो इधरच मर. पुढं नदी आहे." एखादा पुर्जा कच्चा असला तर चंद्रपूरच्या गरमीत तीन दिवसांत तो दगा देतोच. मोठ्या शहरातल्या दुकानांना ही रीत पाळावी लागत नसेल. त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये पावसाळ्यात पूल बुडत नाहीत.

पण शेकायची तर मशीनला काम पाहिजे, आणि कम्प्यूटर मुळातच रिकामा बसणारा. तुम्ही बटण दाबता, तो क्षणात काम उरकतो आणि पुढच्या बटणाची वाट पाहतो. दिवसभरात त्याचं खरं काम मूठभर, बाकी सगळा वेळ वाट पाहण्यात. त्या वेळेचं काय करायचं ते ठरवतो कर्नेल. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर मुंशी असतो ना, कोणाचे पुडे आधी मोजायचे, कोणी थांबायचं हे सांगणारा, तसा हा आतला मुंशी. काम संपलं की तो प्रोसेसरला म्हणतो, "थांब, पड जरा." प्रोसेसर डुलकी घेतो. डुलकीत वीज कमी लागते, अंग तापत नाही, आणि बटण दाबलं की तो लगेच जागा होतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. या डुलकीलाही पायऱ्या असतात, हलकी, गाढ, त्याहून गाढ. जितकी गाढ तितकी वीज कमी आणि उठायला वेळ जास्त. आमच्या मशिनींना हलकीच यायची, पण तेवढीही पुष्कळ.

आम्ही लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचो, कारण ती फुकट मिळायची. त्यात मशीन सुरू होताना कर्नेलला चार शब्द सांगायची सोय असते. मी शोधून काढलं की त्या ओळीत 'आयडल', मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे 'पोल' एवढं लिहिलं की मुंशी प्रोसेसरला झोपूच देत नाही. काम नसलं तरी तो 'काम आहे का, काम आहे का' करत गरगर फिरत राहतो. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. वीज पुरी खातो आणि चुलीवरच्या तव्यासारखा तापतो. पडद्यावर मात्र काही दिसत नाही. तुम्हाला वाटेल गरीब गाय उभी आहे. शेकायला याच्याहून सोपं काय पाहिजे! कोणी जवळ बसायला नको, काही चालवायला नको. शेकून झालं की तो शब्द पुसायचा आणि मशीन खोक्यात भरायची. भाईजाननं चार लोकांत माझं कौतुक केलं, "आमच्या बहिणीचं डोकं पाहा." माझी मान अशी ताठ झाली की काही विचारू नका.

दोन हजार तीन-चारचा काळ असेल. पावसाळा सरल्यावर एका संस्थेच्या दवाखान्यात मशीन बसवायचं काम आलं. आलापल्लीच्या पुढं, दोन नाले ओलांडून. विजेचे खांब वाटेतच संपले होते. दवाखान्याच्या छपरावर सोलरच्या पाट्या होत्या, मागच्या खोलीत ओळीनं बॅटऱ्या. त्या बॅटऱ्यांवर लसीचं फ्रीज, दोन दिवे आणि आता हा कम्प्यूटर चालणार होता. सिकलसेलच्या आणि हिवतापाच्या पेशंटची नोंद त्याच्यात ठेवायची होती. पण सगळ्यात महत्त्वाचं ते फ्रीज. लस तापली की गेली, पुन्हा थंड करून तिचा उपयोग नाही.

तिथं कायमची माणसं दोनच. एक सिस्टर, भंडाऱ्याकडच्या, सतत घाईत. दुसरा शिपाई, त्याच गावचा माडिया माणूस, पन्नाशीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बॅटऱ्यांच्या खोलीची चावी भाऊंकडे असायची. बॅटरीतलं पाणी ओढून पाहायची एक काचेची नळी असते. तिच्या आतल्या तरंगत्या काट्यावर हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतात. हिरवा म्हणजे बॅटरीचं पोट भरलेलं, पांढरा म्हणजे अर्धं, लाल म्हणजे उपाशी. भाऊ रोज सकाळी नळीनं पाहायचे आणि दाराच्या मागच्या बाजूला कोळशानं खूण करायचे. हिरव्याला उभी रेघ, पांढऱ्याला आडवी, लालला फुली. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी गेले तेव्हा ते दार वरपासून अर्ध्यापर्यंत उभ्या रेघांनी भरलेलं होतं.

मी मशीन बसवली, सिस्टरना नोंद कशी करायची ते दाखवलं. मशीन दिवसभर बंद करू नका असंही सांगितलं, कारण मध्येच बंद पडली तर पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ घ्यायची. दुसऱ्या दिवशी निघताना पाहते तर भाऊ कम्प्यूटरच्या मागं उभे. तापानं फणफणलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा त्यांनी तळहात मशीनवर ठेवला होता.

"बाई, ही मशीन झोपत नाई."

"काय?"

"कोनी काई करून नाई राह्यलं, तरी हिचं आंग तापून हाय."

मी हसले. हो, हसले! "भाऊ, पडदा काळा झाला ना? म्हणजे झोपली मशीन."

भाऊंनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पडदा झोपला," ते म्हणाले, "मशीन नाई."

ही गंमत मी जाताना सिस्टरना सांगितली. घरी येऊन जेवताना सगळ्यांना सांगितली. अब्बा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "हात लावून पाहिलास का तू?" मी म्हटलं, "अब्बा, ते जंगलातले लोक. त्यांना काय कळते कम्प्यूटरमधलं?" हे माझं वाक्य आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

थंडीत कसंबसं भागलं, कारण गार हवेत फ्रीजला फार धावावं लागत नाही. ऊन तापलं तसं फ्रीज जास्त चालायला लागलं आणि बॅटऱ्या पुरेनात. भाऊंनी सिस्टरना सांगितलं, सिस्टरनी दोनदा संस्थेला कळवलं. उत्तर आलं, बॅटऱ्या नव्या आहेत, जपून वापरा. मग लसीकरणाच्या एका सकाळी फ्रीज बंद पडलेलं सापडलं, आतला तापमानाचा काटा लालच्याही पलीकडं. नाल्यापलीकडच्या पाड्यांवरून बाया पोरं झोळीत घालून पायी आल्या होत्या. सिस्टरनी त्यांच्यासमोर लसीच्या बाटल्या बाजूला काढल्या आणि त्यांना परत जायला सांगितलं. "त्याईच्या तोंडाकडं मले पाहवत नव्हतं," सिस्टर मला पुढं म्हणाल्या.

झाल्या प्रकाराची चौकशी करायला संस्थेचे एक साहेब जीपनं आले. बॅटऱ्या पाहिल्या, नव्या. सोलरच्या पाट्या पाहिल्या, स्वच्छ पुसलेल्या. कम्प्यूटर पाहिला, पडदा काळा, बिचारा गप्प उभा. मग राहिलं काय? माणूस राहिला. साहेब म्हणाले, "हे लोक बॅटरीवर व्हीसीडी लावत असणार. गावाला पिक्चर दाखवत असणार."

सिस्टरनी विचारलं, "कोनी पाह्यलं का सर?"

"पाहायला कशाला पाहिजे? मग वीज गेली कुठं?"

व्हीसीडी म्हणे! अरे शहाण्या, व्हीसीडी लावायला आधी टीव्ही लागतो. त्या गावात एकाही घरात टीव्ही नव्हता. गावात शिरून चार घरं पाहिली असती तरी कळलं असतं. पण जीपमधून उतरून धुळीत पाय कोण घालणार? त्यांनी भाऊंकडं चावी मागितली. भाऊंनी चावी दिली, पायातल्या चपला घातल्या आणि निघून गेले. काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे गुन्हा कबूल आहे, असं साहेबांनी वहीत लिहिलं. ज्या गावात दाराला कुलूप लावायची रीत नाही, त्या गावातल्या माणसाला चोर म्हटलं, आणि वर तो भांडला नाही याचाही पुरावा केला!

हे सगळं मला तिथं जाऊन कळलं. कम्प्यूटर ठीक आहे असा कागद दुकानाकडून पाहिजे होता, म्हणून भाईजाननं मला पाठवलं. सिस्टर सांगत होत्या आणि माझा पारा चढत होता. मी त्या साहेबांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते तिथं नव्हते हे त्यांचं नशीब. मी म्हटलं, "सिस्टर, मी शोधून काढते वीज कोण खातं ते. त्या माणसाच्या तोंडावर फेकते पुरावा." आणि मागच्या खोलीत गेले.

दार लावून घेतलं तर समोर भाऊंच्या रेघा. वरपासून सगळ्या उभ्या. मग एका ठिकाणी आडव्या सुरू झाल्या, खाली खाली येत फुल्या. कुठून सुरू झाल्या ते मी मागं मोजत गेले. मी मशीन बसवली त्याच्या दोन दिवसांनंतर.

मी बाहेर आले आणि मशीनवर हात ठेवला. पहिल्यांदाच, बरं का! सिस्टर सकाळपासून ओट्यावर पेशंट पाहत होत्या, बटणाला कोणी बोटही लावलं नव्हतं, आणि मशीन भाजत होती. सुरू होताना कर्नेलला काय सांगितलं ते पाहायचं असेल तर तशी एक फाईल असते. ती उघडली. ओळीच्या शेवटी माझाच शब्द. शेकायला लिहिलेला. दुकानात पुसायचा राहून गेलेला.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सिस्टर पेशंटचं बोट टोचत असताना, कोणी जेवत असताना, ती मशीन 'काम आहे का, काम आहे का' करत फिरत होती आणि लसीच्या वाटची वीज खात होती. साहेब ज्या चोराला शोधत होते तो मी होते. ज्याला मी हसले होते त्यानं दुसऱ्याच दिवशी हात लावून तो पकडला होता.

आता खरं सांगते. मी शब्द पुसला, मशीन पुन्हा सुरू केली, आणि तासाभरानं हात लावला तर ती कोमट होती. तेवढ्यात सिस्टरनी विचारलं, "मशीन ठीक हाय ना?" मी म्हटलं, "हो, ठीक आहे," आणि तसा कागदही लिहून दिला. खोटं नव्हतं, त्या क्षणी ती ठीकच होती. बसमध्ये बसून मी स्वतःला समजावलं की आधी भाईजानला सांगावं. भाईजानला सांगितलं तर तो म्हणाला, "चुप बैठ. सुधरलं ना? मग? दुकानाचं नाव खराब करतेस काय?" आणि मी, जी दिवसभर दुनियेला बोलते, ती तीन आठवडे गप्प बसले.

तीन आठवड्यांनी साहेबांचा दुकानात फोन आला. मीच उचलला. साहेब खूश होते. "मॅडम, मी तेव्हाच म्हटलं होतं! त्या माणसाला काढलं आणि बॅटऱ्या रोज फुल! फ्रीज एकदम थंड. आणखी काय पुरावा पाहिजे?"

फोन हातात धरून मी तशीच उभी राहिले. मी चोरासारखा गुपचूप शब्द पुसला होता, आणि माझं ते गुपचूप पुसणंच भाऊंच्या विरुद्ध पुरावा झालं होतं. मी तिथं गेलेच नसते तर बॅटऱ्या तशाच उतरत राहिल्या असत्या आणि भाऊ तरी सुटले असते. बाप रे! मी म्हटलं, "साहेब, वीज त्या भाऊंनी नाही खाल्ली. आमच्या मशीननं खाल्ली. माझ्या चुकीनं."

साहेब हसले. "अहो, तुम्ही फार मऊ आहात. एका शब्दानं कुठं बॅटरी उतरते? मशीन तर नुसती उभी असते."

मी भाऊंना हसले होते तसंच साहेब हसले. तेवढं पुरे झालं. "पुढच्या लसीकरणाला तुम्ही येणार ना? मी तिथं दाखवते," म्हटलं आणि फोन ठेवला. भाईजान बघतच राहिला. मी म्हटलं, "दुकानाचं नाव तू सांभाळ. माझं मला सांभाळू दे." अब्बांनी खाली वाकून आपला जुना काट्याचा अँपिअर मीटर काढला, लाकडी पेटीतला, फडक्यानं पुसला आणि माझ्या पिशवीत ठेवला.

लसीकरणाच्या त्या दिवशी लस टोचून झाली, बाया पोरांना घेऊन गेल्या. मी साहेबांना आणि सिस्टरना बसवलं. भाऊंना सिस्टर स्वतः जाऊन घेऊन आल्या. ते ओट्यावर चढले नाहीत, अंगणातल्या मोहाखाली उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही जवळ या. तुमच्याशिवाय मी सुरू करणार नाही." तेव्हा आले.

फ्रीज आणि दिवे थोडा वेळ बंद केले. बॅटरीवरून कम्प्यूटरकडं जाणाऱ्या वायरीत अब्बांचा मीटर जोडला. आता काटा जेवढा वर, तेवढी वीज एकटा कम्प्यूटर खातोय, हे सगळ्यांना कळेल असं सांगितलं. मग तो शब्द पुन्हा ओळीत लिहिला आणि मशीन सुरू केली. सुरू झाली, पडदा काळा झाला.

"आता कोणी हात लावू नका," मी म्हटलं. सगळे हात मांडीवर घेऊन बसले. काटा वर चढला आणि तिथंच राहिला. सिस्टर रक्ताच्या काचेवर खूण करायला तेलकट पेन्सिल वापरायच्या, तिनं मी मीटरच्या काचेवर काट्यासमोर रेघ ओढली.

"पाहा साहेब. मशीन काहीच करत नाही. कोणी व्हीसीडी लावली का? कोणी पिक्चर पाहतंय का? आणि वीज पाहा."

मग मशीन बंद केली, शब्द पुसला, पुन्हा सुरू केली. सुरू होताना काटा पहिल्यासारखाच वर होता. साहेब म्हणाले, "बघा, सेम आहे." मी म्हटलं, "थांबा." मशीनचं सुरू होणं संपलं, तिच्याकडं काम उरलं नाही, आणि काटा खाली आला. रेघेपासून चांगला चार घरं खाली, आणि तिथं स्थिर. मी पेशंटचं मोठं रजिस्टर उघडलं, काटा उठला. रजिस्टर उघडून झालं, काटा पुन्हा बसला. सिस्टरच्या तोंडून "अगो बाई!" निघालं.

"ही चार घरं," मी म्हटलं, "दिवसभर, रोज, कोणासाठीच नाही. तो शब्द मी लिहिला, मी पुसायला विसरले. मी मागच्या वेळी गुपचूप पुसला म्हणून बॅटऱ्या भरायला लागल्या. भाऊंना काढल्यामुळं नाही. चोर पाहिजे असेल तर मी इथं बसले आहे."

भाऊ उठले, कम्प्यूटरच्या मागं गेले आणि तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "आता झोपली."

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे, टेक्निकल फॉल्ट होता. असं होतं कधी कधी."

असं होतं! माझ्या हातून झालं तर 'असं होतं'. भाऊंच्या हातून काही झालंच नव्हतं, तेव्हा मात्र 'हे लोक'. मी विचारलं, "मग भाऊंचं काय?" साहेब म्हणाले, "वर विचारावं लागेल. कागद गेलेला आहे."

त्यानंतर मी एक केलं. आमच्या दुकानातून शेकून गेलेल्या जेवढ्या मशिनी आठवल्या तेवढ्यांकडं गेले. दोन ठिकाणी तो शब्द तसाच राहिला होता. गडचांदूरच्या एका झेरॉक्सवाल्याकडं, बल्लारपूरच्या एका शिकवणीत. तिथं वर्षभर मशिनी झोपेविना फिरत होत्या आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण तिथं तारेतून वीज येत होती. तिथं कोणी चोर ठरलं नाही. वीज जिथं मोजूनमापून होती, तिथंच माणूस चोर ठरला. आणि ठरला तोही कोण, तर जो रोज तिचं मोजमाप ठेवत होता तोच.

पावसानं रस्ता बंद व्हायच्या आधी शेवटची जीप त्या दवाखान्याकडं जात होती, तिच्यात मीही बसले. ड्रायव्हरकडं संस्थेचे दोन कागद होते, एक माझ्या नावाचा, एक भाऊंच्या. भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी आपला कागद माझ्याकडं दिला. "काय लिवलं हाय, वाचा ना बाई."

मी वाचलं. "सदर कर्मचाऱ्याची ही पहिलीच चूक असल्याने, त्यास समज देऊन माफ करण्यात येत आहे व पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे."

वाचता वाचता माझा आवाज चढला. मी तो कागद फाडायलाच निघाले होते. भाऊंनी हात धरला.

"माफ कोनाले?"

"तुम्हाले."

"अन् तुमच्या कागदात काय हाय?"

मी माझा उघडला. "तांत्रिक दोष शोधून दिल्याबद्दल संस्था आपली आभारी आहे."

भाऊंनी थोडा विचार केला. "दोष पैले कोनं सांगतला होता?"

"तुम्ही."

"अन् चूक कोनाची होती?"

"माझी."

"मंग कागद बदलले हायेत," भाऊ म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला आभाराचा कागद घेतला, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि माफीचा माझ्याकडं राहू दिला. मग चावी घेऊन बॅटऱ्यांचं पाणी पाहायला आत गेले.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर नाव त्यांचं आहे, पण माफी माझी आहे.